वाळवण्याआधी

त्या यंत्राचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला खादाड म्हणायचे. टिनच्या पातळ पत्र्याची मसुराएवढी पुडी करायची, तिच्यात डोळ्यांनी जेमतेम दिसेल एवढी पूड बांधायची आणि ती खादाडाच्या तोंडात सोडायची. तो ती भट्टीत जाळायचा, निघालेल्या वायूंचा हिशेब करायचा आणि सांगायचा, की बाई, तुझ्या पुडीत कार्बन शेकडा इतका, हायड्रोजन इतका, नायट्रोजन इतका. ऑक्सिजनबद्दल तो काही बोलत नसे. शंभरातून बाकीचे वजा करून उरेल तो ऑक्सिजन, असं धरायचं.

त्याला भरवायचं काम तिचं. एक घरी भरवायची, एक इथे, असं नवरा म्हणायचा. इथला निदान तोंड तरी फिरवत नव्हता. घरची चिंगी चमचा दिसला की मान अशी वळवायची, जणू आईने काही लाच देऊ केलीय.

चिंगी दिवस भरायच्या बरीच आधी आली होती. सुरुवातीचे कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि झोपेत श्वास घ्यायलाच विसरायची. छाती हलता हलता थांबायची, यंत्र ओरडायचं, नर्स येऊन तळपायाला टिचकी मारायची, की पोर दचकून पुन्हा श्वास सुरू करायची. मग डॉक्टरांनी औषध सुरू केलं. कॅफिन. कॉफीत असतं तेच, पण शुद्ध आणि थेंबाथेंबाने मोजलेलं. सासूबाईंना हे कळल्यावर त्या चाट पडल्या होत्या. एवढ्याशा जिवाला कॉफी पाजतात? मग सोबत बिस्किटही द्या म्हणावं, असं त्या म्हणाल्या आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या.

ती मात्र रसायनशास्त्र शिकलेली. पेटीच्या काचेला नाक लावून ती पाढा म्हणावा तसा मनात त्या औषधाचा रेणू म्हणत बसायची. आठ कार्बन, दहा हायड्रोजन, चार नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. हातात दुसरं काहीच नव्हतं, निदान एवढं तरी पक्कं ठाऊक होतं. हळूहळू पोर श्वास विसरेनाशी झाली. औषध बंद झालं. पेटी सुटली, दवाखाना सुटला. सुटली नाही ती आईची नजर. नवऱ्याने तिचं नाव काळजीवाहू सरकार ठेवलं होतं. या सरकारची मुदत काही संपत नाही, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

कामावर परत येऊन तिला फार दिवस झाले नव्हते आणि तेवढ्यात तिने दोन घोळ घातले होते. एकदा सुट्टीच्या आदल्या दिवशी हेलियमच्या टाकीची तोटी उघडीच राहिली आणि महागाचा वायू वाऱ्यावर गेला. एकदा दोन नमुन्यांच्या जागा बदलल्या. रात्री झोप नाही आणि दिवसा डोकं जाग्यावर नाही, त्याला ती काय करणार. पण साहेबांना रात्रीशी देणंघेणं नव्हतं. ते ओरडत नसत, तीच पंचाईत. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की बाई, आणखी एक चूक झाली तर तुम्ही खिडकीवर बसा. खिडकी म्हणजे बाहेरच्या खोलीतली, जिथे लोकांचे नमुने उतरवून घेतात आणि बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवतात. काम वाईट नाही, पण तिथे बसलेलं माणूस पुन्हा आत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि अशात तो नमुना आला. बाटलीत तळाला जेमतेम पांढरी पूड, चिठ्ठीवर कॅफिन. औषधाच्या एका कारखान्याने नवीन पुरवठादाराकडून पिंप घेतलं होतं आणि आतला माल खरोखर तोच आहे ना, एवढं तपासून हवं होतं. कारखाना अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी थेंब बनवतो, हे तिला चिठ्ठी न वाचताही माहीत होतं. त्याच कारखान्याची बाटली तिने काचेच्या पेटीशेजारी कितीदा पाहिली होती.

असे नमुने खादाडाला देण्याआधी ओव्हनमध्ये वाळवायचे, अशी प्रयोगशाळेची रीत. हवेतली ओल आकड्यांत शिरू नये म्हणून. तिने चिमूटभर पूड काचेच्या ताटलीत काढली, ओव्हनच्या दारापर्यंत नेली आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

पाळणाघरातल्या ताई होत्या. चिंगीने सकाळचं दूध घेतलं नाही आणि कधीची झोपलीय, एवढंच सांगायला त्यांनी फोन केला होता. झोपलीय म्हटल्यावर हिचा पहिला प्रश्न ठरलेला. छाती हलतेय का, असं तिने विचारलं. ताईंनी एक सुस्कारा सोडला.

"अहो, घोरतेय ती. बाकीची पोरं तिच्या घोरण्याने जागी झालीत."

तरी तिने त्यांना दोनदा बघायला लावलं. दाताची वेळ असेल, हिरड्या सुजल्या असतील, असं ताई म्हणाल्या. फोन ठेवून ती जागेवर आली तेव्हा बोलता बोलता टेकवलेली ताटली तराजूशेजारी होती. ती कुठून आली आणि कुठे निघाली होती, हे डोक्यातून पार पुसलं गेलेलं. तिने पूड तोलली, टिनच्या पुड्या बांधल्या आणि खादाडाच्या तोंडात सोडल्या.

आकडे आले तेव्हा तिला आधी वाटलं, आपण चुकीच्या ओळीत बघतोय. कार्बन ४५.३. हायड्रोजन ५.७. नायट्रोजन २६.४. उरला तो ऑक्सिजन, २२.६. हे कॅफिन नव्हे. कॅफिनचा कार्बन साडेएकोणपन्नासच्या आसपास हवा आणि नायट्रोजन एकोणतीसला टेकलेला. तिने त्या पानावर हात ठेवला, जणू झाकलं की आकडे बदलतील.

मग खुर्ची ओढली आणि हिशेबाला बसली. हा हिशेब तिच्या आवडीचा. कॉलेजात मैत्रिणींना समजावताना ती म्हणायची, की रेणू म्हणजे एक कुटुंब धरा. सगळ्या घराचं मिळून वजन ठाऊक आहे. त्यात बायकांचा वाटा शेकडा किती, पोरांचा किती, हे कुणी सांगितलंय. एका बाईचं वजन, एका पोराचं वजन तेही माहीत आहे. मग घरात बायका किती, पोरं किती, हे काढायला काय लागतं? शेकड्यावरून प्रत्येकाच्या वाट्याचं वजन काढा आणि एकेकाच्या वजनाने भागा, की झालं. उत्तर पूर्णांकात यायला हवं. घरात साडेतीन माणसं राहत नाहीत आणि रेणूत साडेतीन अणू नसतात.

कॅफिनच्या घराचं वजन १९४. त्यातले शेकडा ४५.३ म्हणजे जवळजवळ ८८. कार्बनच्या बाराने भागले, तर ७.३. आठ हवे होते. नायट्रोजन ३.७. चार हवे होते. ऑक्सिजन दोनऐवजी पावणेतीन. हायड्रोजन मात्र दहाऐवजी अकरा. एकही धड नाही. हायड्रोजनचा तेवढा पूर्णांक आला, तोही चुकीचा.

साहेब मागे येऊन कधी उभे राहिले ते तिला कळलं नाही. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. खादाड बिघडलाय की माणूस, एवढं त्यांनी विचारलं. तिला खरंच सांगता येईना. सकाळी घराच्या किल्ल्या दुधाच्या पिशवीसोबत फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या बाईने कुठल्या तोंडाने सांगावं, की बिघडलंय ते यंत्र?

उत्तर शोधलं ते तराजूकाकांनी. काका साहेबांपेक्षाही जुने. जन्म तराजूसमोर गेलेला, बोलतानासुद्धा शब्द काट्यावर ठेवून बोलणारे. त्यांनी ओव्हनचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

"पोरी, वाळवायला काय ठेवलं होतंस? हवा?"

तिने त्या रिकाम्या ओव्हनकडे पाहिलं. ताटली, ओव्हनचं दार, फोन, सगळं एकदम आठवलं. काका बिचारे तिला वाचवायलाच निघाले होते. वाळवलं नाही म्हणून आकडे ढासळले, त्यात एवढं काय, पुन्हा वाळवून करू, असं ते साहेबांना म्हणाले आणि साहेबांनी काही बोलायच्या आत त्यांनी बाटलीतली उरलीसुरली पूड सगळीच्या सगळी ताटलीत उपडी केली. उगाच हात आखडता कशाला घ्यायचा. ताटली ओव्हनमध्ये गेली, दार बंद झालं. तिसरी चूक झाली ती झालीच, असं साहेबांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

ओव्हनसमोरचा वेळ तिने कसा काढला, ते तिचं तिलाच माहीत. दोनदा पाळणाघराला फोन केला. दुसऱ्यांदा ताईंनी उचलला आणि हॅलो न म्हणताच सांगितलं, की जागी झाली, दूध प्यायली, आता माझी बोटं चावतेय. मग तिने नवऱ्याला फोन करून तेच सांगितलं. तो म्हणाला, सरकार, बातमी चांगली आहे, मग आवाज का असा? काही नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुपार कलल्यावर वाळलेली पूड खादाडाच्या तोंडी गेली. आकडे आले. कार्बन ४९.४, हायड्रोजन ५.२, नायट्रोजन २८.८. तिने घाईघाईने भागाकार केले. आठ, दहा, चार, दोन. काचेला नाक लावून म्हटलेला पाढा जसाच्या तसा. माल खरा होता. काकांनी तिच्या पाठीवर हलकेच थाप मारली. साहेबांनीही त्यातल्या त्यात मोठं मन केलं. पहिले आकडे फेकून द्या, दुसरे लिहा, सही करा आणि वेळेवर लेकराला आणायला जा, खिडकीचं आपण उद्या बोलू, असं म्हणून ते आपल्या केबिनमध्ये गेले.

तिने पेन उचललं. सही करायला अहवाल पुढे ओढला.

पहिल्या आकड्यांचा कागद चुरगळून टोपलीत टाकायचा होता. टाकता टाकता तिची नजर पुन्हा त्यावर गेली. ७.३ आणि ३.७. सात आणि साडेतीन असते तर एकाच्या दुप्पट एक. इथेही जवळजवळ तसंच. आठ आणि चार, तेही तसंच. म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन दोघेही घसरले होते, पण हातात हात घालून. तोलण्यात चूक असती किंवा खादाड कमी सांगत असता, तर हायड्रोजनही त्यांच्याबरोबर घसरला असता. तो तर वर गेला होता.

ती पुन्हा बसली. बाहेरच्या खोलीत खिडकीवरची बाई बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती, चट्, चट्, आवाज येत होता. मैत्रिणींना सांगितलेलं ते घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. माणसं मोजायला आपण सगळ्यांना काट्यावर उभं केलं आणि घराचं वजन धरलं १९४. पण त्या दिवशी घरात पाहुणा असला तर? पाहुणाही काट्यावर चढला असेल. मग घरचीच माणसं अर्धीमुर्धी दिसणार, कारण वाटे पाहुण्यासकट पडलेत आणि एकूण वजन आपण पाहुणा सोडून धरलंय.

ओव्हनच्या आचेने कोण उठून जातं? पाणी. पाण्याच्या एका रेणूचं वजन अठरा. तिने १९४ मध्ये अठरा मिळवले. २१२. आणि पुन्हा पहिल्यापासून भागाकार केले.

कार्बन आठ. हायड्रोजन बारा. नायट्रोजन चार. ऑक्सिजन तीन.

एकही तुकडा नाही, एकही शिल्लक नाही. घरचे आठ, दहा, चार, दोन आणि वर दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. कॅफिनच्या दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू. ही हवेतली ओल नव्हे. ओल अशी एकास एक मोजून येत नाही. पाणी स्फटिकाच्या आतच बसलेलं होतं, बांधलेलं. पिंपातला माल कॅफिनच होता, पण शंभर भागांत साडेआठ भाग पाणी होतं. आणि हे कुणालाच दिसणार नव्हतं, कारण इथे तपासण्याआधी ते वाळवतात, आणि कारखान्यात कुणी वाळवत बसत नाही. तिथे पिंपातून काढतात, तोलतात आणि घालतात.

तिने सही न केलेला अहवाल पुन्हा पुढे ओढला. तिने आज सकाळी रीत पाळली असती, तर आत्ता या कागदावर तिची सही झालेली असती आणि ती रस्त्याला लागलेली असती.

काका समोरच होते. तिने त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. मग त्यांचं लक्ष रिकाम्या बाटलीकडे गेलं आणि चेहरा उतरला. न वाळवलेली पूड उरलीच नव्हती. वाळवण्याआधीचं आणि नंतरचं वजन घेतलं असतं तर एका झटक्यात सिद्ध झालं असतं, पण ताटलीचं वजनच कुणी केलं नव्हतं. हातात होते ते फक्त पहिले आकडे, तेही एका विसरभोळ्या बाईच्या चुकीतून आलेले.

साहेबांच्या केबिनमध्ये ती दोन्ही कागद घेऊन गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं असं नाही. बारा आणि तीन हे आकडे बघून त्यांची भुवई वर गेलेली तिने पाहिली. पण ते ज्या खुर्चीत बसले होते तिथून गोष्टी निराळ्या दिसतात. गिऱ्हाइकाने विचारलं होतं, माल कॅफिन आहे का. आहे. वाळवून तपासायची रीत आपण काढलेली नाही, पुस्तकातलीच आहे. विचारलं तेवढं सांगावं. त्यापुढे जाऊन, आमच्या बाईंनी चुकून न वाळवता तपासलं आणि त्यात असं निघालं, हे लिहायचं तर आधी आपलीच अब्रू वेशीवर टांगायची. शिवाय ती चूक तुमच्या नावावर कायमची लागेल, हे लक्षात घ्या. साहेब हे सगळं मायेने सांगत होते आणि तेच तिला जड जात होतं.

शेवटी ते म्हणाले, की साडेआठ टक्के म्हणजे फार नव्हे, औषध थोडं सौम्य होईल, त्याने कुणी मरत नाही.

ती गप्प बसणार होती. मनात आलं, चूक आपली, झोप आपली उडालेली, कदाचित घाबरट डोक्याला सगळीकडे तेच दिसतंय. नवरा म्हणतो तसं. पण तोंडाने ऐकलं नाही.

"ज्यांना ते देतात त्यांचं सगळं मिळून वजन किलोभर असतं, साहेब. ती बाळं श्वास घ्यायला विसरतात. त्यांना आठवण करून देणारं दुसरं काही नसतं."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"माझी तिथे होती."

साहेबांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. त्यांना तिचं पोर आहे एवढंच ठाऊक होतं. बाहेरचं चट् चट् थांबलं होतं. बराच वेळ ते नुसते दोन कागद एकावर एक ठेवत राहिले, कडा जुळवत राहिले. मग त्यांनी कारखान्याचा नंबर फिरवला आणि फोन तिच्यासमोर सरकवला.

"बोला तुम्हीच. बरोबर निघालं तर प्रयोगशाळेचं, चुकलात तर तुमचं."

पलीकडे कारखान्याची केमिस्ट होती. तरुण आवाज, कामाच्या गडबडीतला. तिने आधी कुणाचं काय ते नीट ऐकलंच नाही. पुरवठादाराच्या कागदावर माल निर्जल आहे असं स्पष्ट लिहिलंय, ओलावा मोजायचं आमचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, म्हणून ओलाव्यासाठी त्यांचाच कागद धरला, तुम्हाला फक्त माल कॅफिन आहे का एवढंच विचारलंय, असं ती तोडून बोलली. मग हिने तिला आपली चूक सांगितली. लपवून काही उपयोग नव्हता. वाळवायला विसरले, असं म्हटल्यावर पलीकडे हसू आल्यासारखं वाटलं. पण आकडे सांगायला लागली तसं हसू गेलं. केमिस्टने ते लिहून घेतले, तोंडातल्या तोंडात भागाकार केले आणि पुन्हा एकदा करून पाहिले.

यंत्र नसलं तरी ओव्हन आणि तराजू असेलच ना, असं हिने विचारलं. पिंपातली थोडी पूड तोला, वाळवा, परत तोला, एवढंच. आणि तोवर त्या पिंपाला कुणी हात लावू नका. केमिस्ट म्हणाली, हात लागलाय. सकाळीच थेंबांचा एक घाणा त्यातून तोलून काढलाय, बाटल्यांत भरायचा बाकी आहे. मग घाईने फोन बंद झाला.

आता थांबायचं होतं. पाळणाघर बंद व्हायची वेळ होत आली. तिने नवऱ्याला फोन केला आणि चिंगीला आणायला सांगितलं. काळजीवाहू सरकार स्वतः जात नाही म्हटल्यावर तो खरोखरच घाबरला. काय झालंय, ते तिने थोडक्यात सांगितलं. तो नेहमीसारखं काही बोलेल असं तिला वाटलं, पण त्याने फक्त विचारलं, की कुठल्या कारखान्याचं. तिने सांगितल्यावर त्याचा नुसता श्वास ऐकू आला. ती बाटली त्यानेही पाहिली होती.

काका घरी गेले नाहीत. तराजूची काच पुसत राहिले, जी आधीच स्वच्छ होती. साहेब केबिनचं दार उघडं ठेवून बसले होते. ती खादाडासमोर उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. आकडे पुन्हा तपासले. प्रत्येक वेळी बारा आणि तीन यायचे आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपणच आणतोय. मनात धरलं की भुताची सावली दिसते म्हणतात, तसं नसेल ना हे? एखाद्या आकड्याला आपण हलकेच ढकलून पूर्णांकाशी नेलं तर नाही? तिने पाटी कोरी करून पुन्हा मांडलं. पुन्हा तेच आलं. अंगावर दूध दाटून आलं होतं, ब्लाउज ओला झाला होता. तिने वरून पांढरा कोट घट्ट ओढून घेतला.

फोन वाजला तेव्हा तिघांनीही एकदम माना वळवल्या. साहेबांनी तो स्वतः घेतला आणि हुं, हुं एवढंच म्हणत राहिले. मग म्हणाले, "त्यांच्याकडूनच ऐका."

केमिस्टचा आवाज आता वेगळा होता. शंभर मिलिग्रॅम ठेवले होते, साडेएक्क्याण्णव उरले, असं ती म्हणाली. पिंपाला कुलूप लावलंय. सकाळचा घाणा बाजूला काढलाय. आधीचा सगळा माल जुन्या पुरवठादाराचा होता, तो आता पुन्हा तपासायला घेतोय. मग ती थोडी अडखळली आणि विचारलं, की ताई, तुम्ही नेहमी न वाळवताही बघता का?

नाही, असं ती म्हणाली. नेहमी नाही.

साहेबांनी अहवालात दोन ओळी घालायला सांगितल्या, वाळवण्याआधी आणि वाळवल्यावर, आणि दोन्हींखाली तिची सही घेतली. खिडकीचा विषय त्यांनी काढला नाही. उद्या काढणार की नाही, हेही सांगितलं नाही. जाता जाता दारात थांबून त्यांनी एवढंच बजावलं, की ओव्हनवर मोठ्या अक्षरांत पाटी लावा, पुन्हा वाळवायला विसरायचं नाही.

ते गेल्यावर खोलीत दोघंच उरली. तिने पर्स खांद्याला लावली, पण पाय निघेना.

"काका, आपण आजवर किती पुड्या वाळवून बघितल्या असतील?"

काकांनी काच पुसायचा कपडा खाली ठेवला. शब्द काट्यावर ठेवायला त्यांना वेळ लागला.

"मी पण मघापासून तेच मोजतोय," ते म्हणाले. "जा आता. पोर वाट बघत असेल."

ती दारापर्यंत गेली. ओव्हनवरचा लाल दिवा लागलेला होता. दुपारी गार झालेल्या ओव्हनमध्ये काकांनी उद्याच्या नमुन्यांच्या ताटल्या रांगेने ठेवल्या होत्या, रीतीप्रमाणे, आणि तो नुकताच पुन्हा तापायला लागला होता. एक कसलीशी गोळी होती, एक रंगाची पूड, एक कुणाचं तरी खत. त्यांत काय होतं आणि काय उडून जाणार होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिने पर्स खाली ठेवली, बटण फिरवून ओव्हन बंद केला, दार उघडलं आणि पहिली ताटली चिमट्याने बाहेर काढून तराजूवर ठेवली.

काकांनी काही न विचारता जवळ येऊन तराजूचं काचेचं दार लावून घेतलं. आकडा वरखाली होत होता, स्थिर व्हायचं नाव घेत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला, नवऱ्याचा. पलीकडून चिंगीचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत, छाती भरून. आकड्यावरची नजर न काढता तिने सांगितलं, की आलेच, एवढं तोलून होऊ दे.